तपासून घेण्याचे दिवस

कांद्याची पात कापल्याचा वास आला की माझा हात आपोआप मोबाइलकडे जातो. मेल आली का ते बघायला. आता वाट बघण्यासारखी कुठलीच मेल उरलेली नाही हे डोक्याला ठाऊक आहे, पण हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही. फाल्गुन सरत येतो, निघोज्यात, आमच्या गावी, घरामागच्या शेताच्या तुकड्यात बायका ओळीने बसून विळ्याने पात कापू लागतात, आणि मी मेल उघडते. यंदाही उघडली.

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तीन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आल्या तरी हा तुकडा काही सोडलेला नाही. भिंतीपलीकडे प्रेस धडधडत असतात, अलीकडे कांदा उपटणं चाललेलं असतं, आणि दोन्हीकडची धूळ आमच्या ओट्यावर एकत्र येऊन बसते. मी ती झाडते, पुन्हा बसते. ज्या वर्षी मी मेलची वाट बघत होते, त्या वर्षी दिवसातून कितीदा ओटा झाडला असेल देव जाणे. हाताला काम दिलं की डोकं जरा गप्प बसतं म्हणून.

त्या वर्षी मी एक ड्रायव्हर तपासायला दिला होता. गाडीवरचा नव्हे. मी भोसरीच्या एका छोट्या कंपनीत काम करते. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड आणि वर दोन खोल्या. कारखान्यातल्या मशिनांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून जे नेटवर्क कार्ड लागतं, ते आम्ही बनवतो. कार्ड नुसतं कॉम्प्युटरात खोचून चालत नाही. ते कसं उठवायचं, कसं थांबवायचं, त्याच्याकडून माहिती कशी पाठवून घ्यायची, हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. वर्षानुवर्षं तो आम्ही कार्डासोबत पेन ड्राइव्हवर द्यायचो. मग महाळुंग्याच्या एका मोठ्या कंपनीने, म्हणजे आमचं बहुतेक काम घेणाऱ्या कंपनीने, कळवलं की असली बाहेरची जोडणी आता चालणार नाही. त्यांचे कॉम्प्युटर ज्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, तिच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ड्रायव्हर रीतसर मान्य झालेला हवा. एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात, त्या शटडाऊनमध्ये त्यांची मशिनांची लाइन नवी होणार होती. तोवर मान्य झाला तर आमचं कार्ड, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

ती ऑर्डर गेली तर खालची कार्ड जोडायची टेबलं बंद. हे मालकांनी, पाटणकर सरांनी, कधी तोंडाने म्हटलं नाही, पण शेडमध्ये प्रत्येकाला ते कळलेलं होतं. टेबलांवरची माणसं जिना चढून चहाला वर यायची तेव्हा आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी कामावर परतले होते, आणि परतून जरा स्थिरावते तोच हे गळ्यात पडलं होतं. परभणीचा गणेश, सोल्डरिंगचं नाजूक काम ज्याच्याकडे होतं तो, एकदा कप ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, तुम्ही हसला तं बरं वाटतं. पोरीची फी भरायचीय पुढच्या महिन्यात." त्यानंतर मला हसूही येईना आणि न हसणंही जमेना.

हे तपासणं कसं असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. त्याला ऑफिस नाही, खिडकी नाही, टोकन नाही. आपण लिहिलेला प्रोग्रॅम साध्या मेलमध्ये घालायचा आणि एका यादीवर, म्हणजे शेकडो जणांना एकदम मेल पोचवणाऱ्या पत्त्यावर, सोडून द्यायचा. जगात कुठेही बसलेला कुणीही तो वाचतो. वाचलं तर आपल्या ओळीखाली आपली शंका लिहितो. आपण त्याच्याखाली उत्तर लिहायचं. हे सगळं उघड्यावर, आणि एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. माझ्या लग्नाचे फोटोसुद्धा इतक्या लोकांनी बघितले नसतील. नव्या गोष्टी आत घ्यायचा दरवाजा काही आठवडे उघडा असतो, मग तो मिटतो. या फेरीत जागा मिळाली नाही की पुढची फेरी दोनेक महिन्यांनी, आणि आमचा एप्रिल काही दोन महिने थांबणार नव्हता.

पहिली शंका आली ती ओळींच्या लांबीवरून. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी नावं जाहीर करायची ती लांब ओळ वर, मग तिच्याहून आखूड, मग आणखी आखूड, अशी उतरत मांडावीत, असा तिथला रिवाज. सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "ही काय रांगोळी आहे का?" ते म्हणाले. मी निमूटपणे ओळी मांडल्या. मला खरं तर हायसं वाटलं होतं. कुणीतरी आमची फाइल उघडली होती, माणसाच्या डोळ्यांनी वाचली होती, आणि त्यांना त्यात ओळींच्या लांबीएवढंच वावगं दिसलं होतं.

ते कुणीतरी कोण, हे मला आजही माहीत नाही. नाव होतं, पण नावावरून बाई की बुवा हेही कळेना. मी मनातल्या मनात ‘ते’ म्हणायला लागले. ते कुठे राहतात, त्यांच्याकडे आता थंडी आहे की ऊन, त्यांना मुलंबाळं आहेत का, आज सकाळी त्यांचं कुणाशी भांडण तर झालं नसेल ना, असले विचार स्कूटर चालवताना यायचे. कुरुळी फाट्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकले की हेल्मेटची काच वर करून मी मेल बघायची. मागून हॉर्न वाजायचे. मोशीला पुन्हा बघायची. एखाद्या अनोळखी माणसाच्या मर्जीची इतकी काळजी मी स्थळं बघायच्या दिवसांतही केली नव्हती.

त्यात आमची सुट्टी गुरुवारची. सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याचं घड्याळ गुरुवारी थांबतं, वीजही बऱ्याचदा त्याच दिवशी जाते, आणि जग मात्र गुरुवारी भरात असतं. घरात पंखा बंद, नदीच्या जलपर्णीतून उठलेले डास भर दुपारी कानाशी, आणि मी मोबाइल उंच धरून अंगणात रेंज शोधतेय. आबा कांद्याच्या ढिगावर पात पसरत होते. उन्हाने कांदा करपू नये म्हणून.

"कुनाच्या फोनची वाट बघती एवढी?"

"फोन नाही आबा, मेल. एक साहेब माझं काम तपासतायत."

"कुठल्या गावचं?"

"माहीत नाही."

"पगार कोन देतं त्यांना?"

"आपल्या कामाचा तरी कुणीच नाही."

आबांनी हातातली पात खाली ठेवली. "फुकाट? मंग त्यो कशापायी बघतोय?" मी पुन्हा रेंज शोधायला लागले. मग आबाच म्हणाले, "आपला पत्ता दे त्याला. म्हनावं, जेवायला या. न्हाई जमलं तर गोनीभर कांदं धाडून दिऊ. तोंडदेखलं काम अन् घरोब्याचं काम, फरक पडतो पोरी." मी हसले, पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तो उपाय पटला होता. पत्ता मिळता तर गोणी मीच शिवली असती.

आबांवर हसण्यात अर्थ नव्हता, कारण आमच्या ऑफिसात त्याच आठवड्यात याहून भारी उपाय निघाला. शंका थांबल्या होत्या. ओळी मांडून सुधारलेली आवृत्ती पाठवली होती आणि पलीकडून अवाक्षर नाही. नियम असा की घाई करून पुन्हा पाठवायचं नाही, धीर धरायचा. धीर हा शब्द सरांच्या शब्दकोशात नाही. ते चाकणच्या कारखान्यांत वाढलेले. तिथे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात, प्रिपेअर्ड, चेक्ड, अप्रूव्ह्ड. तीन सह्या पडल्याशिवाय कागद हलत नाही, आणि सह्या पडल्या की कागद कुणी वाचला का हे विचारायची कुणाची प्राज्ञा नसते. सरांनी बघितलं की या मेलच्या तळाशीही ‘तपासले’ अशी ओळ घालून पुढे नाव द्यायची सोय आहे. इतरांच्या कामाखाली अशी एक-दोन नावं असतात.

"आपल्याकडे किती आहेत?" सर म्हणाले.

"एकही नाही."

"मग त्यांना वाटणार, यांच्याकडे सिस्टिमच नाही. उद्या सगळ्यांना पाठवायला सांग."

आणि दुसऱ्या दिवशी यादीवर आमच्या शेडमधून ‘तपासले’ची रांग लागली. सरांची, गणेशची, स्टोअरवाल्या काकांची, अकाउंट्सच्या जोशीबाईंचीसुद्धा. जोशीबाईंनी आपल्या सवयीने वर ‘रिस्पेक्टेड सर’ आणि खाली ‘थँकिंग यू’ असंही घातलं. मला ते बरं दिसत नव्हतं, पण सह्यांशिवाय कागद हलतो अशी जागा मी तरी कुठे पाहिली होती? गणेश मात्र चहाला आला तेव्हा अस्वस्थ होता. "मॅडम, मी तं ती फाइल उघडली बी नाही. कुणी विचारलं तं काय सांगू?"

"कुणी विचारत नाही रे," जोशीबाई म्हणाल्या.

विचारलं. ओळी मांडायला लावणाऱ्या त्यांनीच विचारलं. दोन ओळींची मेल होती, सभ्य आणि थंड. इतक्या जणांनी तपासलं आहे तर प्रत्येकाने काय पाहिलं, काय शंका काढली, ते इथे कुठेच दिसत नाही, कृपया सांगाल का? बस्स. त्यात कुठे रागाचा शब्द नव्हता. शेडमध्ये ती मेल सगळ्यांच्या मोबाइलवर एकदमच पोचली, कारण सगळ्यांची नावं त्यात होती. खालचा सोल्डरिंगचा धूर ओढणारा पंखा तेवढा चालू राहिला. स्टोअरवाले काका उगाच एक खोकं या फळीवरून त्या फळीवर ठेवत होते.

मी पुढच्या आवृत्तीतून सगळी नावं काढत असल्याचं कळवलं, माफी मागितली. मग पलीकडून मेलच नाही. त्या शांततेतले दिवस मला आजही नीट आठवत नाहीत. आठवतो तो फक्त वास. घरी कांद्याचा, ऑफिसात सोल्डरचा, आणि दोन्हीत मिसळलेला माझ्या घामाचा. भूक लागायची नाही. मुलीचा अभ्यास घेताना तिने काय विचारलं ते तिसऱ्यांदा कळायचं. जगात कुणालाच आपलं वाचायची गरज नाही, आणि आपलं वाचलं जावं म्हणून आपण काहीच करू शकत नाही, हे उमगणं फार वाईट. परीक्षेत निदान पेपर तपासणं तपासणाऱ्याला भाग असतं.

आणि मग एका सकाळी, मोशीच्या सिग्नलला, ते आले. आता मात्र ओळींच्या लांबीबद्दल नव्हे. त्यांनी मधल्याच दोन ओळी उचलल्या होत्या आणि खाली एकच प्रश्न विचारला होता. या दोन ओळींच्या मधल्या क्षणात कार्डाने सगळं पाठवून टाकलं, तर काय होईल?

हा प्रश्न मी आबांना समजावला होता तसाच इथे सांगते. समजा, कार्ड म्हणजे कंपनीचं आवार आणि माहिती म्हणजे ट्रक. पुढच्या गेटवरचा वॉचमन बघतो, आवार ट्रकांनी भरलंय. तो गेटला साखळी लावायला निघतो. तो चालत जाईपर्यंत मागच्या गेटने सगळे ट्रक निघून जातात, आणि मागचा वॉचमन ओरडतो, "रिकामं झालं, सोडा!" पुढच्याने अजून साखळी लावलेलीच नाही, तो म्हणतो, सोडू काय, उघडंच आहे. आणि पुढच्या पावलाला साखळी लावून मोकळा होतो. आता आवार रिकामं, गेट बंद, आणि मागचा पुन्हा कधीच ओरडणार नाही, कारण बाहेर पडायला ट्रकच नाही. रांग रस्त्यावर तशीच उभी. उपाय सोपा आहे. साखळी लावल्यावर एकदा मागे वळून आवाराकडे बघायचं. आमचा ड्रायव्हर वळून बघत नव्हता.

त्या दोन ओळी सरांच्या हातच्या होत्या. कंपनी सुरू केली तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेल्या. मी बाकी सगळं नव्याने लिहिलं, पण तेवढं तसंच ठेवलं होतं, घरातल्या देवांना आपण हात लावत नाही तसं.

"हे शक्य नाही," सर म्हणाले. "इतकी वर्षं चालतंय. आपलं कार्ड एवढं फास्टच नाहीये. लिही त्यांना, आमच्या हार्डवेअरवर असं होत नाही. दरवाजा बंद व्हायला चार दिवस राहिलेत, अश्विनी."

मी लिहायला बसले. लिहिता येईना. ते वाक्य जगासमोर, कायमचं, माझ्या नावाने राहणार होतं. त्यापेक्षा बघावं म्हणून मी त्या दोन ओळींमध्ये मुद्दाम थोडा विलंब घातला, म्हणजे वॉचमनला जरा हळू चालायला लावलं, आणि गणेशच्या टेबलावर कार्ड सुरू केलं. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकला, म्हणजे माहिती जात होती. मग लुकलुकायचा थांबला. गणेशने केबल हलवून बघितली, दुसरी लावून बघितली. दिवा ढिम्म.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "महाळुंग्याहून फोन येतात ना, कार्ड अडकलं म्हणून? बंद करून चालू करा म्हणतो आपण?"

यायचे खरे फोन. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा. आम्ही सगळे म्हणायचो, वेल्डिंगचा नॉइज, म्हणजे विजेची गडबड असणार, अर्थिंग तपासा. बिचारे दर वेळी अर्थिंग तपासायचे. जो माणूस महाळुंग्यात कधी आला नाही, ज्याने आमचं कार्ड कधी हातात धरलं नाही, त्याला ते नुसत्या वाचण्यातून दिसलं होतं.

सरांना खाली बोलावलं. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मला पुन्हा करून दाखवायला सांगितलं, मग पुन्हा. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "आणि मी त्या लोकांना अर्थिंग खणायला लावलं." शेवटी उठले आणि म्हणाले, "लिही, बरोबर आहे म्हणावं तुमचं. दरवाजा बंद होऊ दे."

दरवाजा बंद झाला. नुसत्या त्या ओळी सुधारून भागणार नव्हतं, तसलंच आणखी कुठे लपलं आहे का ते सगळं तपासायला हवं होतं, आणि ते चार दिवसांचं काम नव्हतं. सर स्वतः महाळुंग्याला गेले. तिथे त्यांनी जुन्या कार्डांमधला दोष सांगितला, ती अडकू नयेत म्हणून काय करायचं ते सांगितलं, आणि या शटडाऊनला आम्ही तयार नाही हेही सांगितलं. समोरच्या साहेबांनी चहा पाजला, मनापासून आभार मानले, आणि ऑर्डर दुसरीकडे दिली. यात त्यांची काही चूक नव्हती. परत आल्यावर सरांनी टेबलांवरच्या माणसांना एकेक करून वर बोलावलं. गणेशला पंधरवड्यात चाकणच्या एका मोठ्या लाइनवर काम मिळालं, पण ते सोल्डरिंगचं नव्हतं, नट आवळायचं होतं. जाताना त्याने आपली बारीक टोकाची सोल्डरिंग गन पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली.

इथे कुणीही म्हणेल, मग आता कशाला? मीही तेच म्हटलं. कार्ड घेणारं गिऱ्हाईक गेलं, ड्रायव्हर कुणासाठी?

"विकलेली कार्डं कारखान्यांत चालूच आहेत ना," सर म्हणाले. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, आणि शंका मला तोंडी सांगेनात. यादीवर टाकू लागले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी बटण दाबलं की शंका साऱ्या जगातून फिरून माझ्या पडद्यावर यायची, ‘हॅलो अश्विनी’ अशी, जणू आमची आजच ओळख झाली. मी त्याखाली उत्तर लिहायची. खोलीत फक्त कीबोर्डचा आवाज. चहा आला की आम्ही उन्हाबद्दल बोलायचो. सरांच्या शंका बोचऱ्या असायच्या आणि त्या वाचताना माझे कान तापायचे, पण त्या उन्हाळ्यात मला कुणी प्रेमाने वागवलं असेल तर ते या शंकांनीच, असं आता वाटतं. आपण लिहिलेली ओळ न ओळ कुणीतरी शत्रूसारखी वाचावी आणि तरी आपल्या बाजूने असावं, हे सुख मला घरीदारी कुठे मिळालं नव्हतं.

आम्ही सुट्टीतही शेड उघडून बसायचो, आणि वीज असलेल्या तसल्याच एका गुरुवारी जिन्यावर पावलं वाजली. गणेश. सुट्टीचा दिवस, अंगात घरचा शर्ट. "लय अडकवलं होतं त्या दिव्यानं मला," तो म्हणाला. "बघू द्या आता अडकतो का." खाली जाऊन त्याने आपल्या टेबलाचा ड्रॉवर उघडला, जुनी-नवी कार्डं टेबलावर मांडली आणि एकेक लावत गेला. केबल माहितीच्या भर वाहतुकीत उपटायचा, पुन्हा लावायचा, विजेची गडबड व्हावी म्हणून पंखा जवळ आणून बंद-चालू करायचा, कार्ड तापवायचा, गार करायचा. मी विलंब घालून दिला तरी दिवा लुकलुकत राहिला. पुढच्या गुरुवारीही तो आला. त्याला मी विचारलं, तुझं नाव घालू का खाली, चालवून पाहिलं म्हणून? तो नुसताच हसला, त्याच्या मते ती चेष्टा होती. काय काय करून पाहिलं ते त्याच्याच शब्दांत मी यादीवर मांडलं आणि खाली त्याचं नाव घातलं.

आमचा कांदा तोवर वखारीत भरून झाला होता. पुढच्या फेरीत, एका अगदी साध्या दुपारी, मेल आली. माणसाची नव्हती, यंत्राने आपोआप पाठवलेली होती. तुमचा ड्रायव्हर स्वीकारला आहे, धन्यवाद. तळाशी नावं होती. माझं, सरांचं, त्या कधी न भेटलेल्या माणसाचं, आणि गणेशचं. सर खुर्चीत मागे रेलले आणि पंख्याकडे बघत राहिले. मी रडले. मग गणेशला फोन लावला. पलीकडे लाइनचा खडखडाट होता.

"पटकन बोला मॅडम, कामावर हाये."

"ड्रायव्हर घेतला त्यांनी. खाली तुझं नाव आहे."

"कशात?"

"तू तपासलंस त्याच्याखाली. आता ते कधीच निघत नाही."

खडखडाट जरा लांब गेला, तो बाजूला सरकला असावा.

"म्हंजे उद्या काही बिघडलं, तं मला बी विचारतील?"

"विचारतील."

आता म्हणेल, काढून टाका मॅडम, असं मला वाटलं.

"विचारू द्या की," गणेश म्हणाला. "मी सोता बघितलंय."